एकच ग्रंथ, दोन वाचक

इतिहासाच्या तासाला मुले सहसा प्रश्न विचारीत नाहीत. मास्तरांनी सनावळी सांगावी, मुलांनी ती वहीत उतरवून घ्यावी आणि परीक्षेपर्यंत जपावी, असा आमच्यातला जुना अलिखित करार आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाने हा करार मोडला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही आणि पुढच्या तासाला मी ते देण्याचे टाळले. ह्या लेखात तेच उत्तर मी उशिरा का होईना देऊ पाहत आहे.

त्या दिवशी जिझिया कराचा धडा चालू होता. १६७९ साली औरंगजेब बादशहाने हा कर पुन्हा बसविला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याला फारसी भाषेत एक पत्र पाठविले, हे मी मुलांना रंगवून सांगत होतो. महाराजांनी बादशहाला त्याच्याच धर्मग्रंथाचा दाखला दिला. कुराणात परमेश्वराला 'रब्बुल आलमीन' म्हणजे सर्व जगांचा पालनकर्ता म्हटले आहे, केवळ मुसलमानांचा पालनकर्ता म्हटलेले नाही, हे त्याच्या नजरेस आणून दिले, असे मी सांगितले. मुले खूश झाली. प्रतिपक्षाला त्याच्याच शस्त्राने जिंकल्याचा आनंद कोणाला होत नाही? आणि बादशहा किती कर्मठ होता हे ठसविण्यासाठी मी पुढे म्हणालो, की ह्या बादशहाला सबंध कुराण तोंडपाठ होते.

तेव्हा तिसऱ्या बाकावरचा, गावातल्या एका शिंप्याचा मुसलमान मुलगा उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, महाराजांना जे दिसलं, ते बादशहाला कसं दिसलं नाही? त्याला तर अख्खं कुराण पाठ होतं ना?"

वर्गात थोडी खसखस पिकली. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले, "त्यांच्या पुस्तकातच तसं लिहिलंय." ते मी ऐकले, त्या मुलानेही ऐकले. तो खाली बसला. "पुढच्या तासाला सांगेन," एवढे मी म्हणालो आणि घंटेने मला वाचविले. शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट काढली तेव्हा एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी सल्ला दिला, "मास्तर, ह्या फंदात पडू नका. एक तर खोटे बोलावे लागेल, नाही तर भांडण होईल." मी तो सल्ला मानला. त्या मुलाने पुढे वर्षभरात मला एकही प्रश्न विचारला नाही. हे मौन मला लागले.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. कादंबऱ्या लिहितो, मुलांना शिकवितो. अरबीचे अक्षरही मला येत नाही. तेव्हा पंडिताचा आव आणण्याचे कारण नाही. भाषांतरे, इतिहासग्रंथ आणि जाणत्यांशी झालेल्या गप्पा एवढ्यांवरून मला जे समजले ते क्रमाने मांडतो.

प्रथम त्या पत्राविषयी. ते फारसीत उतरविले नीळ प्रभू मुनशीने, असे मानतात. त्याच्या वेगवेगळ्या प्रतींत फरक आहेत आणि त्याच्या कर्तृत्वाविषयी वादही झाला आहे. ऑर्म ह्या इंग्रज इतिहासकाराने ते जोधपूरच्या जसवंतसिंहाचे मानले. परंतु जसवंतसिंह १६७८ च्या डिसेंबरात वारला आणि कर बसला त्यानंतर. टॉडने ते मेवाडच्या राणा राजसिंहाचे म्हटले. जदुनाथ सरकारांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीतील प्रत पाहून ते महाराजांचे ठरविले. हा वाद मी त्या दिवशी मुलांना सांगितला नव्हता. सांगायला हवा होता. पण पत्र कोणाच्याही हातचे असो, त्यातील युक्तिवाद त्या काळचा आहे आणि तोच इथे महत्त्वाचा आहे. जिझियाचा विरोध करणारा हिंदू राजा बादशहाचा ग्रंथ खोटा आहे असे म्हणत नाही. तू तो नीट वाचला नाहीस, असे म्हणतो.

आता तो ग्रंथ कसा आहे ते पाहू. कुराणात ११४ सूरा, म्हणजे अध्याय आहेत. मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे ते महंमद पैगंबरांना सुमारे २३ वर्षांत, इ. स. ६१० पासून ६३२ पर्यंत, प्रसंगाप्रसंगाने प्रकट झाले. त्यांची मांडणी मात्र कालक्रमाने नाही. साधारणपणे मोठे अध्याय आधी आणि लहान नंतर आहेत. त्यामुळे ग्रंथ पहिल्या पानापासून वाचत गेले तरी कोणते वचन आधीचे आणि कोणते नंतरचे हे कळत नाही. ते परंपरेला विचारावे लागते. इथेच अर्थ लावणाऱ्याचे काम सुरू होते.

मक्केतील पहिल्या बारा-तेरा वर्षांत मूठभर अनुयायांचा छळ होत होता. त्या काळच्या वचनांत सहन करण्याचा उपदेश आहे. तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला, असा भाव आहे. ६२२ साली पैगंबर मदिनेस गेले. तेथे लढण्याची पहिली परवानगी मिळाली, ती परंपरेप्रमाणे बाविसाव्या सूरेत आहे. घरादारांतून हाकलले गेलेल्यांना ती दिली आहे, आणि तिथेच ख्रिस्त्यांचे मठ, चर्चे, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी ह्यांच्या रक्षणाचा उल्लेख आहे. दुसऱ्या सूरेत, जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा पण मर्यादा ओलांडू नका, अशी आज्ञा आहे. आणि त्याच सूरेत धर्माच्या बाबतीत बळजबरी नको, हे प्रसिद्ध वचन आहे. साठाव्या सूरेत, जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत त्यांच्याशी भलेपणाने व न्यायाने वागण्यास मनाई नाही, असे सांगितले आहे.

आणि मग नववी सूरा. ती अगदी शेवटच्या काळातली. सर्व सूरांपैकी हिच्याच आरंभी परमेश्वराच्या दयेचे स्मरण करणारे बिस्मिल्लाचे वचन नाही. तिच्या पाचव्या आयतीत, पवित्र महिने उलटल्यावर मूर्तिपूजकांना सापडतील तिथे मारण्याची आज्ञा आहे. पश्चात्ताप करून नमाज व जकात स्वीकारली तर सोडण्याची सवलतही त्याच आयतीत आहे. एकोणतिसाव्या आयतीत, ज्यांना पूर्वी ईश्वरी ग्रंथ मिळाला अशा यहुदी-ख्रिस्त्यांशी ते नमून जिझिया देईपर्यंत लढण्याचा आदेश आहे. मागच्या बाकावरचा तो मुलगा अगदीच निराधार बोलत नव्हता. ही वचने ग्रंथात आहेत, आणि ती नाहीतच असे म्हणणे हा मुसलमान मुलावरही अन्याय आहे. कारण उद्या तो ती स्वतः वाचील आणि मास्तर खोटे बोलले असे त्याला कळेल.

परंतु पाचवी आयत उद्धृत करणारे लोक तिच्या शेजारच्या आयती बहुधा वाचून दाखवीत नाहीत. चौथीत, ज्या मूर्तिपूजकांनी तुमच्याशी केलेला करार पाळला आहे त्यांच्याशी तुम्हीही करार पाळा, असे आहे. सहावीत, एखाद्या मूर्तिपूजकाने आश्रय मागितला तर तो द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोहोचवा, असे आहे. तेव्हा ही आज्ञा सर्व काळच्या सर्व मूर्तिपूजकांसाठी, की करार मोडणाऱ्या अरबी टोळ्यांसाठी? ह्या एका प्रश्नावर चौदा शतके वाद चालला आहे.

ह्या वादात एका पक्षाच्या हाती एक फार धारदार हत्यार होते. त्याचे नाव 'नस्ख'. नंतरचे वचन आधीच्या वचनाला रद्द करते, असा हा सिद्धान्त. आपल्याकडे धर्मशास्त्रात 'कलिवर्ज्य' म्हणून एक प्रकरण आहे. नियोगासारखे जे आचार जुन्या ग्रंथांत विहित होते ते कलियुगात वर्ज्य ठरविले गेले. वचन पोथीत राहिले, पण त्याचा अंमल संपला. नस्ख ही त्याच जातीची युक्ती आहे. फरक इतकाच, की आपल्या निबंधकारांनी तिने बरेचसे जुने उग्र आचार बाजूला सारले, तर तिकडच्या काही भाष्यकारांनी तिच्या जोरावर क्षमेची आणि सहनशीलतेची वचने बाजूला सारली. अकराव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या हिबतुल्लाह इब्न सलामा ह्या पंडिताने एका खड्गाच्या आयतीने १२४ वचने रद्द झाल्याचे मांडले.

पण पुढची गोष्ट ऐका. पंधराव्या शतकातील सुयूतीने छाननी करून रद्द वचनांची एकूण संख्या विसाच्या आसपास आणली. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहने ती अवघ्या पाचांवर आणली. वचने एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, प्रत्येकाचा प्रसंग वेगळा आहे, असे त्याचे म्हणणे. हे वाचताना मला आनंद झाला आणि मी मनाशी म्हणालो, सापडले उत्तर! ज्याचे वाचन सूक्ष्म, तो उदार.

तो आनंद फार टिकला नाही. ह्याच शाह वलीउल्लाहच्या नावावर असलेल्या पत्रांत अहमदशाह अब्दालीला हिंदुस्थानात येऊन मराठ्यांचा मोड करण्याचे आवाहन आहे. १७६१ च्या पानिपतावर आपली एक पिढी कापली गेली, तिच्यामागच्या अनेक हातांत हाही एक हात होता. ग्रंथाचे सूक्ष्म वाचन करणारा पंडित राजकारणात सौम्य असेलच असे नाही. मोगली सत्ता ढासळताना पाहणाऱ्या दिल्लीकराचे भय त्याच्या विद्वत्तेपेक्षा बलवान ठरले. ही गाठ बसल्यावर मला कळले, की नुसते वचन बघून भागणार नाही. ते वाचणारा कुठे उभा आहे तेही पाहिले पाहिजे.

आता राज्यकारभाराकडे वळू. जग 'दारुल इस्लाम' आणि 'दारुल हरब', म्हणजे इस्लामचा प्रदेश आणि युद्धाचा प्रदेश, असे विभागलेले आहे, ही कल्पना आपण नेहमी ऐकतो. हे शब्द कुराणात नाहीत. ते पुढच्या शतकांतील कायदेपंडितांनी, अरब साम्राज्य पसरत असताना घडविले. साम्राज्याला लागणारा कायदा त्यांनी केला, आणि त्या कायद्यात बिगरमुसलमानाचे स्थान दुय्यम होते, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. जीव, मालमत्ता आणि उपासना ह्यांना संरक्षण, पण बरोबरी नाही. आणि त्या संरक्षणाची किंमत म्हणून जिझिया.

तथापि ह्या पंडितांतही एकवाक्यता नव्हती. काफिराशी युद्ध करायचे ते तो काफिर आहे म्हणून, की तो शत्रुत्व करतो म्हणून? शाफी पंथाने पहिले कारण धरले. हनफी पंथाने दुसरे. बायका, मुले, वृद्ध, मठातले साधू ह्यांना मारू नये, हा नियम हनफी पंडित ह्यासाठीच पुराव्यादाखल दाखवीत. निव्वळ अश्रद्धा हा मरणाचा गुन्हा असता, तर ह्यांना वगळले का असते? जिझिया कोणाकडून घ्यावा ह्यावरही असाच मतभेद होता. शाफी मताने तो ग्रंथधारकांकडून आणि पारशांच्या पूर्वजांसारख्या अग्निपूजकांकडूनच. मूर्तिपूजकांना ती सवलत नाही. अबू हनीफाच्या मताने अरबस्तानाबाहेरील मूर्तिपूजकांकडूनही तो घेता येतो. आपल्या देशातील सुलतान व त्यांचे काजी हनफी होते. आठव्या शतकात इराकात वारलेल्या एका पंडिताच्या मताचा दिल्लीच्या बाजारातील हिंदूच्या जगण्याशी असा संबंध होता.

प्रत्यक्षात तर हा प्रश्न त्याही आधी सुटला होता. ७१२ साली महंमद बिन कासिमाने सिंध जिंकला. देबल येथे त्याने कत्तल केली, हे अरब इतिहासकारच सांगतात. पण राज्य करायची वेळ आली तेव्हा, इथली देवळे ख्रिस्त्यांच्या व यहुद्यांच्या प्रार्थनास्थळांसारखीच समजावीत, असा निर्णय त्याने दिल्याचे बलाजुरी लिहितो. पुढे अल्तमशाच्या कारकिर्दीत काही उलेमांनी, हिंदूंपुढे इस्लाम किंवा मृत्यू एवढेच दोन मार्ग ठेवावेत, अशी मागणी केली. त्यावर वजीर निजामुल्मुल्क जुनैदीने उत्तर दिले, की ह्या देशात मुसलमान जेवणातल्या मिठाइतके आहेत. असे करायला जाल तर राज्यच हातचे जाईल. ही हकीकत सांगणारा बरनी स्वतः कडवा होता, म्हणून तिला वजन आहे. त्याच बरनीने अल्लाउद्दीन खिलजी आणि काजी मुघीस ह्यांचा संवादही नोंदविला आहे. काजीने शास्त्र सांगितले. सुलतान म्हणाला ते असे, की शास्त्रात काय आहे मला ठाऊक नाही, राज्याच्या हिताचे दिसेल ते मी करतो. हिंदू रयतेला त्याने जे पिळले ते तरी कोणत्या ग्रंथासाठी? बहुतांशी लष्कराच्या पगारासाठी.

अकबराने १५६४ साली जिझिया उठविला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे मोगल राज्यात तो नव्हता. आणि इथे आपण त्या शिंप्याच्या मुलाच्या प्रश्नापाशी परत येतो.

औरंगजेब गादीवर आला १६५८ साली. जिझिया बसविला १६७९ च्या एप्रिलात. मधली २१ वर्षे बादशहा तोच होता, कुराण तेच होते आणि गादीवर आल्यानंतर थोड्याच वर्षांत त्याने ते पाठही केले होते. मग एकवीस वर्षे त्याला ती आयत दिसली नाही काय? कारणांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. जदुनाथ सरकार त्याच्या धर्मनिष्ठेवर बोट ठेवतात. सतीशचंद्र म्हणतात, की दक्षिणेतील अपयश आणि राजपुतांशी आलेले वितुष्ट ह्यांमुळे त्याला उलेमांना व मुसलमान सरदारांना एका झेंड्याखाली आणायचे होते. शिवाय वसुलीच्या निमित्ताने धर्मशास्त्र्यांना नोकऱ्याही मिळाल्या. मला दोन्हींत तथ्य वाटते. त्याची निष्ठा खोटी नव्हती. पण निष्ठेला कोणती आयत कोणत्या वर्षी आठवावी, हे परिस्थितीने ठरविले. १७०४ साली दुष्काळ आणि मराठ्यांशी चाललेले न संपणारे युद्ध ह्यांमुळे त्यानेच दक्षिणेत जिझिया माफ केला. ग्रंथ तेव्हाही तोच होता.

आणि ज्यांनी तो भरला त्यांना हा पांडित्याचा प्रश्न नव्हता. दर होते वर्षाला १२, २४ आणि ४८ दिरहम, ऐपतीप्रमाणे तीन वर्गांचे. बायका-मुले सुटत, पण हातावर पोट असणाऱ्याला बारा दिरहम श्रीमंताच्या अठ्ठेचाळीसांहून जड होते. दिल्लीत लोकांनी शुक्रवारी बादशहाची वाट अडविली, तेव्हा त्यांच्यावर हत्ती घालण्यात आले आणि माणसे तुडविली गेली, असे खाफीखान लिहितो. पैसे देणाऱ्याने स्वतः पायी यावे, उभे राहून द्यावे, घेणाऱ्याने बसून घ्यावे, असा दंडक. का, तर त्या एकोणतिसाव्या आयतीत 'नमून' अशा अर्थाचा एक शब्द आहे. गंमत अशी, की ह्या शब्दाचा अर्थ राज्याचा कायदा मानणे एवढाच आहे, असे खुद्द इमाम शाफीने म्हटले होते. हारून रशीद खलिफासाठी करांवर ग्रंथ लिहिणाऱ्या अबू यूसुफ ह्या हनफी न्यायाधीशाने तर जिझिया वसूल करताना कोणाला मारू नये, उन्हात उभे करू नये, असे बजावले होते. एकाच शब्दात एकाला कायदा दिसला आणि दुसऱ्याला अपमान करण्याचा परवाना.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे, की बादशहाला 'रब्बुल आलमीन' हे शब्द दिसत होते. पहिल्याच सूरेत आहेत ते; तो रोज नमाजात म्हणत होता. पण त्या शब्दांपासून कराच्या हुकुमापर्यंत जाण्याचा रस्ता कायदेपंडितांच्या पोथ्यांतून आणि तख्ताच्या गरजांतून जात होता. महाराजांच्या पत्राने तो रस्ता सोडून सरळ पहिल्या सूरेला हात घातला. कारण ते पत्र लिहिणारा कर घेणाऱ्यांच्या रांगेत नव्हता. ज्यांच्याकडून घेतला जात होता त्यांच्या बाजूने उभा होता.

आपल्यालाही हे अनोळखी नाही. गीता रणांगणावर सांगितली गेली. शंकराचार्यांना तीत संन्यास दिसला, मंडालेच्या तुरुंगात टिळकांना कर्मयोग दिसला, आणि गांधींना त्याच युद्धाच्या ग्रंथात अहिंसा दिसली. परक्याने गीतेचा एकच श्लोक काढून, तुमचा धर्म आप्तांना मारायला सांगतो असे म्हटले, तर आपण काय उत्तर देतो? मागचेपुढचे वाचा, असेच ना? हा न्याय आपल्यापुरताच राखून ठेवता येणार नाही.

ही कहाणी मोगलांबरोबर संपत नाही. इंग्रजी राज्यात तर ती अधिक तीव्र झाली. १८०३ साली, इंग्रजांनी दिल्ली घेतली तेव्हा, शाह वलीउल्लाहचा मुलगा अब्दुल अजीज ह्याने हा प्रदेश आता दारुल हरब आहे असा फतवा दिला. १८७० साली कलकत्त्यात जौनपूरच्या मौलवी करामत अलींनी हाच देश दारुल इस्लाम आहे, म्हणून इथे जिहाद अशास्त्र आहे, असे सांगितले. १८८५ साली हैदराबादच्या निजामाच्या नोकरीतील मौलवी चिराग अलींनी इंग्रजीत एक ग्रंथच लिहून पैगंबरांची सर्व युद्धे आत्मसंरक्षणाची होती असे प्रतिपादले.

विसाव्या शतकातले दोन वाचक तर आपल्याच मातीशी जोडलेले आहेत. १९०३ साली औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) अबुल आला मौदुदी जन्मले. औरंगजेबाची कबर जिथे आहे ते खुलताबाद तेथून जवळच. १९२६ च्या डिसेंबरात स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला आणि इस्लाम तलवारीचा धर्म आहे अशी टीका उसळली, तेव्हा ह्या तरुण संपादकाने उत्तरादाखल जिहादवर लेखमाला सुरू केली. बचावासाठी उचललेली लेखणी पुढे भलतीकडे गेली. १९३९ साली लाहोरच्या व्याख्यानात त्यांनी मांडले, की इस्लाम ही क्रांतीची विचारसरणी आहे आणि साऱ्या जगाची राज्यव्यवस्था बदलणे हे जिहादचे प्रयोजन आहे.

दुसरे मौलाना आझाद. १९४२ ते १९४५ ह्या काळात ते अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात कैदेत होते. ह्याच नगरात १७०७ साली औरंगजेबाने देह ठेवला होता. आझादांच्या कुराणभाष्याचा पहिला खंड १९३१ साली निघाला. त्यातले मोठे भाष्य पहिल्या सूरेवर आहे आणि त्याचा गाभा आहे 'रब्बुल आलमीन' हीच कल्पना: ज्याचे पालकत्व साऱ्या जगांवर आहे तो एका जमातीचा कसा असेल? महाराजांच्या पत्रातला मुद्दा अडीचशे वर्षांनी एका मौलवीने धर्मशास्त्राच्या अंगाने सिद्ध करायला घेतला. स्वकीयांतून त्यांच्यावर टीकाही झाली. साठाव्या सूरेच्या आधाराने त्यांनी हिंदू-मुसलमान सहकार्याचे समर्थन केले. फाळणीला अखेरपर्यंत विरोध केला. दोघेही अरबी जाणणारे, दोघेही श्रद्धावान. ग्रंथ एकच.

इथे मला हमीद दलवाईंची आठवण होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा लेखक. १९७० साली पुण्यात त्याने मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. कोणत्या आयतीचा कोणता अर्थ ह्यावर शेजाऱ्याचे हक्क अवलंबून ठेवू नका, ते समान नागरिकत्वावर उभे करा, असा त्यांच्या खटपटीचा रोख होता. तो मला पटतो. परंतु माणसे ग्रंथ वाचतच राहणार. आणि जोवर वाचणार तोवर कसे वाचतात हा प्रश्न राज्यघटनेने सुटत नाही.

कधी कधी तो प्रश्न पंडितांवाचून सुटतो. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत जो हल्ला झाला त्यातले नऊ हल्लेखोर मारले गेले. आपण हुतात्मे होऊ, असे त्यांच्या मनावर बिंबविले गेले होते. पण मुंबईच्या मुसलमानांनी त्यांना आपल्या कबरस्तानात जागा देण्याचे नाकारले. निरपराधांना मारणारे मुसलमान नव्हेत, असे ते म्हणाले. वर्षाहून अधिक काळ ते मृतदेह जे. जे. रुग्णालयात पडून राहिले आणि अखेर २०१० च्या जानेवारीत सरकारने ते गुपचूप पुरले. ज्यांनी जागा नाकारली त्यांत दुकानदार होते, विश्वस्त होते, नमाजी माणसे होती. त्यांनी ना नस्खची चर्चा केली, ना शाफी-हनफींची. तरीही ते भाष्यच होते. मातीचे दोन हात नाकारून केलेले भाष्य.

मागच्या वर्षी मी त्या मुलाकडे सदरा शिवायला टाकला. आता तो वडिलांच्या यंत्रावर बसतो. माप घेऊन झाल्यावर मी त्याला म्हणालो, "तुझ्या एका प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे बाकी आहे." त्याला आठवत होते. मी दुकानाच्या पायरीवर बसून वर लिहिले ते त्याला थोडक्यात सांगितले, खड्गाची आयत न वगळता आणि पानिपत न वगळता. तो ऐकत होता. मध्येच गिऱ्हाईक आले, त्याने त्याला थांबविले.

शेवटी म्हणाला, "गुरुजी, ते मागच्या बाकावरचं बोलणं तुम्ही ऐकलं होतं ना?"

"ऐकले होते," मी म्हणालो.

"तेव्हा काही बोलला नाहीत."

ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते. माझी मोठी चूक बादशहाविषयी अज्ञानी असणे ही नव्हती. ती ही होती. अज्ञान वाचनाने भरून काढता आले. त्या दिवशीची गप्प बसलेली घटका भरून काढता येत नाही.

हल्ली तो धडा मी दोन तास घेतो. पहिल्या तासाला कर, पत्र आणि पत्राविषयीचे वाद. दुसऱ्या तासाला फळ्यावर दोनच सनावळी लिहितो, १६५८ आणि १६७९, आणि मुलांना विचारतो: मधल्या एकवीस वर्षांत काय बदलले, ग्रंथ की राज्य? मग मी खाली बसतो आणि मुलांना बोलू देतो. मागच्या बाकावरून कोणी पुटपुटले, तर त्याला उभे करून मोठ्याने बोलायला सांगतो.